परळच्या आया घरी कधी होत्या?

पूर्वी आई घरी असायची म्हणून मुलं नीट वाढायची, आता ती नोकरीला जाते म्हणून मुलं बिघडतात. हे विधान मराठी मध्यमवर्गात इतक्या खात्रीने केलं जातं की त्याला पुरावा मागणं उद्धटपणाचं वाटावं. हळदीकुंकवात ते निघतं, पालकसभेत निघतं, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तर रोजचंच. हल्ली त्याची एक सुधारलेली आवृत्तीही आली आहे. तीत कुणाला दोष दिला जात नाही. घरी राहायचं की नोकरी करायची हा ज्या त्या आईचा स्वतःचा निर्णय, आपण त्याचा आदर करावा, असं समंजस सुरात सांगितलं जातं. यातलं पहिलं विधान इतिहास म्हणून खोटं आहे. दुसरं सभ्य दिसतं, पण नुकसान तेच जास्त करतं, कारण ते मालक, सरकार आणि बाप या तिघांना एका झटक्यात मोकळं करतं.

दोन्ही विधानं तपासायची तर परळसारखी जागा नाही. गिरणी, चाळ, खानावळ, प्रसूतिगृह, संप, मॉल आणि टॉवर हे सगळं या एका स्टेशनाच्या आसपास शंभर वर्षांत होऊन गेलं आहे. ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, हे इथं विचारता येतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती जवळजवळ बायकांचीच. कांड्या भरायच्या, सूत रिळावर घ्यायचं, वजनावर किंवा नगावर पैसे. वर नायकीण; कामावर घेणं तिच्या हातात, काढणंही तिच्याच. यातल्या कितीतरी बायका विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, नाहीतर शेजारच्या खात्यात साच्यावर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पगारात भागत नव्हतं म्हणून आलेल्या होत्या. कोकणातून आलेल्या, घाटावरून आलेल्या. त्यांना मुलं होती. मुलं कुठं होती?

मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांनी १९२२ साली दिलेल्या अहवालात याचं उत्तर आहे, आणि ते वाचवत नाही. गिरणीत जाणाऱ्या बायकांची जवळजवळ सगळी तान्ही मुलं अफूवर निजवली जात. बाळागोळी नावाने ती विकत मिळे. सकाळी भोंगा व्हायच्या आत गोळी द्यायची, म्हणजे पोर निपचित पडून राहतं, शेजारणीला त्रास होत नाही. कुणी पोराला गिरणीतच नेऊन यंत्राजवळ, सुताच्या कोंड्यात ठेवी. कट्ट्यावर ज्या सुवर्णकाळाची आठवण काढली जाते, तो या वस्तीत असा होता. ही आई निष्काळजी होती म्हणावं, तर गोळी देऊन कामावर जाणं किंवा कामावर न जाता उपाशी राहणं, याखेरीज तिसरी वाट तिला कुणी ठेवली होती का, तेही सांगावं लागेल.

तिसरी वाट काढायचा प्रयत्न झाला, आणि त्यात परळच्या माणसांचा हात आहे. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. नवरोजी वाडिया प्रसूतिगृह परळला उभं राहिलं १९२६ साली. मग १९२८ मध्ये आसवले यांचं तसंच विधेयक मुंबई विधिमंडळात आलं आणि त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्या काळात ते परळच्याच पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत राहत होते. पाच मुलांपैकी चार गेली होती; धाकटा राजरत्न जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. भाषणात यातलं काही नाही. मुद्दा आहे तो हिशेबाचा. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण मालकालाही सुटका नाही, कारण पुरुषाऐवजी बाई ठेवण्यात फायदा आहे म्हणूनच तो बाई ठेवतो. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, कायदा झाला. रोज आठ आणे, तेही बाळंतपणाच्या आगेमागे मोजक्या आठवड्यांचे.

या भाषणात ‘आईने घरी राहावं का’ हा प्रश्न कुठंही नाही, याची आजच्या चर्चा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आईला पैसे कोण देणार, एवढाच प्रश्न आहे. १९२८ मध्ये आपण अधिक शहाणे होतो की काय, अशी शंका येते.

पुढची गोष्ट कडू आहे. कायद्यानंतर बायका गिरणीतून हळूहळू नाहीशा होऊ लागल्या. कारणं बरीच होती. चीनला जाणारा सुताचा व्यापार आधीच आटत आला होता, तसं रिळिंगचं काम आटलं. वाइंडिंगला वेगवान यंत्रं आली. तिसाच्या दशकात गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या आणि बायकांना रातपाळीला बंदी. मालकाच्या लेखी ती अर्धी कामगार ठरली. त्यात प्रसूतीचे पैसे आणि पुढे पाळणाघराचा खर्च. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. ही मर्यादा आधी पन्नास होती, नंतर तीस झाली. मर्यादा बायकांच्या डोक्यांवर मोजली की मालक काय करणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. तो बाया कमी ठेवतो. आणि लाल बावट्याच्या असोत की आणखी कुणाच्या, युनियन पुरुषांच्या होत्या. बाप्याला एवढा पगार मिळावा की बाई घरी बसेल, ही मागणी त्यांना पुरोगामी वाटत होती. स्वातंत्र्याच्या सुमाराला बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं आणि १९८२ चा संप झाला तेव्हा शंभरात चारपाचही उरल्या नव्हत्या.

म्हणजे परळच्या आईने गिरणी सोडून घर ‘निवडलं’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने या सगळ्या कारणांत तिची सही कुठं आहे ते दाखवावं.

बरं, घरी गेलेली ही आई घरी बसली का? गिरणगावात हजारो गडी एकटे राहत. एका खोलीत गावकीचे वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण लागे, आणि ते रांधत खानावळवाल्या. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःची पोरं, नवरा आणि वर पंधरा-वीस खानावळ्ये. पहिल्या पाळीचा डबा पहाटे निघायला हवा, म्हणजे चूल त्याच्याही आधी पेटली पाहिजे. रातपाळीवाला सकाळी जेवायला येणार. पैसे महिना संपल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी, वाण्याचं व्याज, आणि व्याज तुंबलं की मंगळसूत्र गहाण. मुंबईची कापडगिरणी तुटपुंज्या पगारात कामगार राबवू शकली ती या बायकांनी त्याच्या पोटाचा खर्च स्वस्तात भागवला म्हणून. तरी यातल्या कुणाचीही गणती कामगारांत झाली नाही. गृहिणींना जनगणनेत कशा रकान्यात टाकलं जातं याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लक्ष वेधलं होतं: २००१ च्या जनगणनेने त्यांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत बिगरकमावत्यांत बसवलं होतं.

या बायकांना कामगार म्हणून पाहिलं ते प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, गिरणगावात कामगार चळवळीत मुरलेल्या. १९७५ मध्ये चौदा खानावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि सावकाराच्या जागी राष्ट्रीयीकृत बँक आणली. चार टक्के व्याजाची कर्जं गरिबांसाठी कागदावर होती. ती खोलीत रांधणाऱ्या, तारण द्यायला काही नसलेल्या बाईपर्यंत पोचवायला कुणीतरी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बायकांनी कर्जं फेडली. मंडळ हजारोंचं झालं. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला होता. सकाळी पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे. या दोन्ही संस्थांचं कौतुक करताना ‘घर सांभाळून’ हे शब्द हमखास वापरले जातात, जणू घर सांभाळणं हा कामाला दिलेला टेकू होता. पण पाठीशी पोर, पुढ्यात पोळपाट आणि दारात पैसे मागणारा वाणी, अशा बाईला आज ‘स्टे अॅट होम’ म्हणायचं की ‘वर्किंग’? उत्तर देता येत नसेल तर दोष वर्गवारीत आहे.

आणखी एक आई राहिली. चाकरमान्याची बायको. ती रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, साताऱ्याच्या डोंगरात राहिली. कागदोपत्री शुद्ध घरगुती. प्रत्यक्षात नांगरणीपासून लावणी, भारे, गुरं, सासू-सासरे, पोरं, असं सगळं तिच्या अंगावर आणि महिन्याला एक मनीऑर्डर. गिरणीच्या पगारात बायको-मुलांचा शहरातला खर्च धरलेलाच नव्हता, हे त्या मनीऑर्डरीवरून कळतं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप दीड वर्षाहून जास्त रेंगाळला, अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. चुली पेटत राहिल्या त्या कुणामुळे, हे गिरणगावात कुणालाही विचारा. कुणी धुणीभांडी धरली, कुणी लालबागच्या मिरची गल्लीत देठ काढायला बसली, कुणी चिवडा-फरसाणाच्या कारखान्यात पाकिटं भरली, कुणी घरी बसून बटणं लावली, कुणी पोळीभाजीची गिऱ्हाइकं शोधली. त्या दीड वर्षात आईने घराबाहेर पडावं का, मुलांच्या भावनिक वाढीवर काय परिणाम होईल, यावर परिसंवाद झाल्याचं ऐकिवात नाही. नवरा खाटेवर बसला की आईच्या नोकरीवरचा सैद्धांतिक आक्षेप आपोआप विरघळतो. तो पुन्हा घट्ट होतो तो घरात पगार नियमित यायला लागल्यावर.

इथं खरा मुद्दा येतो. ‘पूर्वीची घरी असणारी आई’ नावाची जी प्रतिमा आहे ती परळची नाही. ती दादर-गिरगावच्या, फार तर हिंदू कॉलनीच्या एका लहान वर्गाची, एकदोन पिढ्यांपुरती गोष्ट आहे. तिच्यामागे सरकारी किंवा बँकेतली कायमची नोकरी होती, १९४७ च्या भाडेकायद्याने गोठवलेलं भाडं होतं, एकत्र कुटुंबाचे चार हात होते आणि सकाळी सात वाजता भांडी घासायला येणारी दुसरी एक आई होती. त्या दुसऱ्या आईची मुलं त्या वेळी कुठं असत, हे मालकिणीने क्वचितच विचारलं. ती प्रतिमा वाईट होती असं नाही. ती महागडी होती आणि बिल दुसऱ्यांनी भरलं, एवढंच.

आईने घरी राहावं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो नाकारणारे उगाच नाकारतात. तान्ह्या मुलाला आपलं, ओळखीचं, रोजचं माणूस लागतं. पहिले सहा महिने आईचं दूध लागतं. हे मान्य. पण यावरून आईने राजीनामा द्यावा असा निष्कर्ष कुठून निघतो? भरपगारी रजा हवी, रजेनंतर जागा शाबूत हवी, जवळ पाळणाघर हवं आणि बापालाही घरी राहता यायला हवं, एवढंच यातून निघतं. बाळाची गरज खरी मानायची आणि ती भागवण्याची जबाबदारी एकाच माणसावर टाकायची, यात बाळाबद्दलचं प्रेम कमी आणि सोय जास्त आहे. शिवाय हे प्रेम सहसा पदवीधर आईपुरतं असतं. त्याच सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या बाईने बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर यावं, नाहीतर दुसरी बघू, असं म्हणताना कुणाला बालमानसशास्त्र आठवत नाही.

उलट बाजूचाही समाचार घ्यायला हवा. नोकरी म्हणजे मुक्ती, घरी राहिलेली म्हणजे शिक्षण वाया घालवलेली, हा तोरा परळच्या वाइंडिंग खात्यातल्या बाईपुढे मिरवून पाहायला हवा होता. दहा तास उभं राहून, नायकिणीला हप्ता देऊन घरी आल्यावर तिला मुक्त वगैरे वाटत नव्हतं. पैसे हातात येत होते, त्याचा धीर होता, तेवढं खरं. बाकी घरकाम तिचं तिलाच होतं, आणि आजही आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात. हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि पुरुषांचा आकडा फक्त करणाऱ्यांचा आहे. मुळात करणारे पुरुषच थोडे.

आता ती समंजस आवृत्ती: निर्णय तिचा, आदर आपला. लोअर परळमधल्या एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारात आज काचेची कचेरी आहे. तिथं काम करणारी बाई डोंबिवलीहून किंवा विरारहून येते. जाण्यायेण्यात तीन तास, कामाचे नऊ. कचेरीत पाळणाघर नाही, घराजवळचं सात वाजता बंद होतं, नवऱ्याची बदली पुण्याला, सासू आजारी. ती नोकरी सोडते. आपण म्हणतो, तिने मुलाला प्राधान्य दिलं, किती छान. तिने काही निवडलं नाही. उरलेला एकच दरवाजा उघडून ती बाहेर पडली. तिच्या या ‘निर्णया’चा आदर करणं म्हणजे बंद दरवाज्यांची चौकशी न करणं. देशातल्या शहरांत पंधरा वर्षांवरच्या जेमतेम २८ टक्के बायका कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, हे २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीचं म्हणणं. बाकीच्या ७२ टक्के बायकांनी एकेकटीने विचार करून स्वेच्छेने एकच निर्णय घेतला, हे पटवून घ्यायला बराच भाबडेपणा लागतो.

आणि बाप? केंद्र सरकारी कर्मचारी बाईला सगळ्या सेवेत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुरुषाला ती मिळते, पण तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित, म्हणजे एकटा पालक असेल तरच. बायको जिवंत आणि सोबत आहे तोवर मूल सांभाळणं त्याचं काम नाही, असं सरकारनेच लिहून दिलं आहे. बाळ झाल्यावर त्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत तेवढ्याचीही कायद्याने हमी नाही. ‘नोकरी की मूल’ हा प्रश्न विचारत एकाही मराठी पुरुषाची मुलाखत छापून आल्याचं ऐकिवात नाही, आणि यात मुलाखती घेणाऱ्यांचा एकट्यांचा दोष नाही.

पाळणाघरांना जागा कुठं, असं कुणी विचारेल, तर गिरण्यांच्या जमिनींची वाटणी आठवा. १९९१ च्या नियमावलीत तीन वाटे होते: एक मालकाला, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की सार्वजनिक वाटा फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेवर मोजायचा; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. शेकडो एकरांतून सार्वजनिक म्हणून हाती लागलं ते तुकड्यातुकड्यांनी. याच जमिनींवर टॉवर उठत होते तेव्हा विटा आणि रेती वाहणाऱ्या बायकांची पोरं वाळूच्या ढिगावर खेळत होती. अशा मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून बांधकामांवर पाळणाघरं चालवते ती मोबाइल क्रेशेस ही स्वयंसेवी संस्था. म्हणजे हे करता येतं. पत्र्याच्या शेडमध्ये, धुळीत, स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी करता येतं. वातानुकूलित इमारतीत करता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

कायदा तर आहे. प्रसूतिलाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं. यातली खरी सुधारणा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही: हे पन्नास जण म्हणजे सगळे कर्मचारी, फक्त बायका नव्हेत. बाया कमी ठेवून पाळणाघर चुकवण्याची गिरणीमालकांची जुनी युक्ती इथं चालत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही मर्यादा तशीच आहे. दोन त्रुटी मात्र आहेत. दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा आईलाच, बापाला नाही. आणि २६ आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी एकट्या मालकाच्या खिशातून. सरकारने त्यात वाटा उचलावा हे १९२८ चं म्हणणं अजून तसंच पडून आहे. त्यामुळे तरुण बाईला नोकरीच न देण्याचा मोह मालकाला आजही होतो. धुणीभांडी, मसाले, पाकिटं, डबे यांच्यावर जगणाऱ्या आयांना तर यातलं काहीच लागू नाही.

तेव्हा परळमध्ये, किंवा कुठंही, पन्नासाहून मोठ्या कचेरीत काम करणाऱ्या वाचकांनी, त्यातही पुरुष वाचकांनी, पुढच्या आठवड्यात एक करावं. आपल्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावं की कायद्याने सांगितलेलं पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे, त्याची वेळ काय आणि तिथं बाप मुलाला आणू शकतो का. उत्तर लेखी मागावं. डिलाइल रोडच्या, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाच्या, बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. तिथल्या रहिवाशांनी म्हाडाला आणि आपल्या नगरसेवकाला हाच प्रश्न विचारावा. वाहनतळाचे मजले आराखड्यात असतात. पाळणाघराची खोली त्याच आराखड्यात, सही व्हायच्या आत, दाखवून घ्यावी.